ओट्याचं तोंड कुणाकडे? ट्रॅव्हल ट्रेलरच्या आउटडोअर किचनचा दोन उन्हाळ्यांचा हिशेब

डीलरच्या आवारात दोन ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायची चाकांवरची घरं, शेजारी शेजारी उभे होते. लांबी तीच, २६ फूट. आतली मांडणीही जवळपास तीच: पुढे आमचा पलंग, मधे स्वयंपाकाची जागा आणि जेवणाचं टेबल, मागे मुलांचे एकावर एक बंक. फरक होता तो मागच्या उजव्या कोपऱ्यात. एका ट्रेलरमध्ये तिथे कपड्यांचं उभं कपाट आणि बाहेरून उघडणारा सामानाचा मोठा कप्पा होता. दुसऱ्यात त्याच जागी वर उचलायचं दार, आणि दारामागे आउटडोअर किचन. दोन बर्नरची ओढून बाहेर काढायची गॅस शेगडी, वाडग्याएवढं सिंक, छोटा फ्रीज, वर डब्यांसाठी दोन फळ्या. किमतीतला फरक १,८०० डॉलर. सेल्समनने दार उचललं, ते अलगद वर जाऊन थांबलं आणि सासूबाई म्हणाल्या, "अगंबाई, ही तर आपली मागची पडवी झाली."

निर्णय खरं तर तिथेच झाला. बाकीची सगळी कारणं आम्ही घरी जाताना गाडीत शोधली.

आम्ही राहतो मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या एका उपनगरात. सासूबाई चिपळूणच्या, दर उन्हाळ्यात चार-पाच महिने आमच्याकडे असतात. मुलगा अकरा वर्षांचा, मुलगी आठ. इकडे कॅम्पिंगचा हंगाम मेच्या अखेरीला सुरू होतो आणि ऑक्टोबरच्या मध्यावर संपतो. मंडळाच्या कार्यक्रमात हल्ली कुणी ना कुणी विचारतंच: "तुम्ही ते बाहेरचं किचनवालं मॉडेल घेतलंत ना? घ्यावं का?" तोंडी उत्तर दर वेळी वेगळं जायचं. शेवटी मी पहिल्या उन्हाळ्यापासून फ्रीजच्या दारावर अडकवलेली वही काढली. दोन उन्हाळे, ३४ रात्री. कोणत्या वेळी काय कुठे शिजलं याच्या नोंदी त्यात आहेत. हे लिखाण म्हणजे त्या वहीचा हिशेब.

आधी, बाहेर शिजवायची गरजच का पडली ते सांगते. ट्रेलर घेण्याआधीच्या वर्षी आम्ही एक भाड्याने घेऊन गेलो होतो, आउटडोअर किचन नसलेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत पोह्यांची फोडणी केली. मोहरी तडतडली, हिंग पडला, मिरच्या पडल्या आणि छतावरचा धुराचा अलार्म किंचाळायला लागला. मुलगा बंकवरून खोकत खाली उतरला. हिशेब सोपा आहे: २६ फूट लांब, आठ फूट रुंद, साडेसहा फूट उंच, म्हणजे साडेतेराशे घनफूट हवा. त्यातही कपाटं, बाथरूम आणि गाद्यांनी बरीच जागा खाल्लेली. घरच्या स्वयंपाकघरात फोडणीचा वास दिवाणखान्यापर्यंत जाऊन विरतो. इथे शेगडीपासून उशी दहा फुटांवर. परतल्यावर चादरी दोनदा धुतल्या, तरी हिंग गेला नाही.

वासापेक्षा मला जास्त त्रास झाला तो ओलाव्याचा. प्रोपेन, म्हणजे शेगडीचा गॅस, जळताना पाणी तयार होतं हे शाळेत शिकलेलो असतो, पण किती ते कुणी सांगत नाही. एक किलो प्रोपेन जळलं की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ होते. वर भाताची, वरणाची, चहाची वाफ वेगळी. सप्टेंबरात बाहेर ७-८ अंश सेल्सिअस असताना आत तासभर शेगडी चालली की खिडक्यांवरून पाणी ओघळतं आणि भिंतीला टेकलेली गादी खालून ओली होते. त्या भाड्याच्या ट्रेलरच्या बंकखाली आधीच काळे ठिपके होते. आपल्या पद्धतीचा स्वयंपाक शक्य तितका बाहेर व्हावा, यावर आमचं दुमत नव्हतं आणि आजही नाही. प्रश्न वेगळा आहे: त्यासाठी ट्रेलरच्या भिंतीत बांधलेला ओटाच लागतो का?

वहीतले आकडे असे. ३४ रात्रींत बाहेर स्वयंपाक झाला ५७ वेळा. भिंतीतली दोन बर्नरची शेगडी वापरली ९ वेळा, त्यातल्या ५ वेळा नुसता चहा. उरलेल्या ४८ वेळा आम्ही वेगळ्या विकत घेतलेल्या ग्रिडलवर, म्हणजे चौकोनी मोठ्या गॅसच्या तव्यावर शिजवलं. त्या ४८ पैकी ६ वेळा ग्रिडल ट्रेलरच्या ओट्यावर होतं, ४२ वेळा घडीच्या टेबलावर. सिंक ७ वेळा वापरलं. फ्रीज मात्र जिथे वीज होती तिथे रोज.

शेगडी पहिल्याच महिन्यात मनातून उतरली. दोन बर्नर एकमेकांच्या इतके जवळ, की एकावर कुकर ठेवला तर दुसऱ्यावर कढलंसुद्धा धड बसत नाही. आणि वारा. मिशिगन सरोवराच्या काठावर संध्याकाळी वारा बहुतेक पश्चिमेचा, पाण्यावरून येणारा. ट्रेलरची दाराची बाजू कोणत्या दिशेला येणार हे कॅम्पसाइटच्या आखणीवर ठरतं, आपल्यावर नाही. आमची बाजू पश्चिमेला आली की ज्योत आडवी व्हायची. एकदा ती विझली आणि कुणाच्या लक्षातच आलं नाही. सासूबाईंना वास आला म्हणून बरं. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असतं. उघड्यावर ते पांगतं, पण हा ओटा तिन्ही बाजूंनी बंद कोनाड्यात आहे आणि खाली शेगडीचा खण. गॅस तिथे साचू शकतो. त्या दिवसापासून नियम केला: शेगडी पेटलेली असेल तर तिथे माणूस उभा हवा.

ग्रिडल आणलं ते या शेगडीला कंटाळून. त्यातही पहिली सकाळ आमच्याच अडाणीपणात गेली. ट्रेलरच्या बाजूला गॅसचं एक झटपट जोडायचं तोंड असतं. नवऱ्याने ग्रिडलची नळी त्याला जोडली, पेटवलं, आणि ज्योत अगदी निरांजनाएवढी. पाऊण तासात तवा कोमटच. झालं असं होतं, की त्या तोंडातून येणारा गॅस टाक्यांजवळच्या रेग्युलेटरमधून दाब कमी होऊनच येतो आणि ग्रिडलला त्याचा स्वतःचा रेग्युलेटर वेगळा. एकामागे एक दोन रेग्युलेटर लागले, की ज्योतीला जीव राहत नाही. आता आम्ही ग्रिडलसाठी २० पौंडांचा वेगळा सिलिंडर नेतो, ग्रिडलच्या रेग्युलेटरसकट. ट्रेलरच्या कमी दाबाच्या तोंडाला जोडायचं असेल तर त्यासाठीच बनवलेलं, स्वतःचा रेग्युलेटर नसलेलं उपकरण हवं. दुकानात हे आपणहून कुणी सांगत नाही.

मग आली लडिंग्टनची सकाळ. लडिंग्टन स्टेट पार्क हे मिशिगन सरोवर आणि हॅम्लिन लेक यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. रेती, पाइनची झाडं आणि वारा. सासूबाईंनी घावने करायचं ठरवलं. तांदळाचं पीठ रात्रीच कालवून ठेवलं होतं. ग्रिडल ट्रेलरच्या ओट्यावर मांडलं, तेलाचं बोट फिरवलं, पीठ ओतलं, आणि ते सगळं निघालं उजव्या कोपऱ्याकडे. घावन कसला, डाव्या बाजूला जाळी आणि उजव्या बाजूला धिरडं. ट्रेलर आम्ही चाकांखाली ठोकळे घालून समतल केला होता, पण पातळी बघायच्या नळीत अर्ध्या बुडबुड्याचा फरक राहतोच. झोपायला तो जाणवत नाही, घावनाला जाणवतो. आता एका घावनासाठी ट्रेलर परत कोण हलवणार?

नवऱ्याने घडीचं टेबल आणलं, ग्रिडल त्यावर ठेवलं, एका पायाखाली लाकडाची चपटी सरकवली. पुढचा घावन गोल.

त्यानंतर सासूबाई टेबलामागे उभ्या राहिल्या आणि पहिल्यांदाच मला दिसलं की त्यांचं तोंड आमच्याकडे आहे. मुलं खुर्च्यांवर, मी चहा गाळतेय, नवरा शेकोटीची राख काढतोय आणि त्या समोरून विचारतायत, "कोणाला कडक हवाय?" आधीचे पंधरा दिवस त्या ओट्यापाशी उभ्या असताना आम्हाला फक्त त्यांची पाठ दिसायची. त्यांनीच बोलून दाखवलं: "अगं, हा ओटा भिंतीकडे तोंड करून का बांधलाय? बाहेर यायचं आणि भिंत बघायची?"

खरंच आहे. आउटडोअर किचनच्या जाहिरातीत दार उघडलेलं असतं, ओट्यावर भाज्या मांडलेल्या असतात आणि बाई कॅमेऱ्याकडे बघून हसत असते. प्रत्यक्षात शिजवताना तिला वळावं लागतं. समोर प्लायवूड, डोक्यावर दार, पाठीमागे सगळी गंमत. चिपळूणच्या पडवीत चूल कोपऱ्यात असली तरी पाटावर बसलेल्या बाईला अंगण दिसतं, आल्यागेल्याशी बोलता येतं. पडवीची आठवण दार उघडताना झाली, पण पडवीतलं मुख्य जे होतं ते या कोपऱ्यात नव्हतंच.

इथे थोडं विषयांतर. अमेरिकेत फिरत्या गाडीच्या शेपटीला स्वयंपाकघर ही कल्पना जुनी आहे. टेक्ससच्या चार्ल्स गुडनाइटने १८६६ मध्ये गुरं हाकणाऱ्या गड्यांसाठी लष्कराच्या जुन्या गाडीच्या मागे खणांचं कपाट बसवलं, त्याचं झाकण खाली पाडलं की तेच टेबल. तीच चकवॅगन. पुढे १९३० च्या दशकात थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर आले. त्यांत आत फक्त झोपण्यापुरती जागा, म्हणून मागचं झाकण उचलून बाहेर उभ्याने शिजवायचं. दोन्हीकडे बाहेरचं स्वयंपाकघर हे एकमेव स्वयंपाकघर होतं. आमच्या ट्रेलरमध्ये आत तीन बर्नर, ओव्हन, मोठं सिंक, फ्रीज सगळं आहे, त्यामुळे बाहेरचं ते दुसरं. दुसरं स्वयंपाकघर म्हटलं की दुसरा मिठाचा डबा, दुसरा झारा, दुसरी सुरी, आणि हवी ती वस्तू नेमकी पहिल्यात. पहिल्या उन्हाळ्यात मी दिवसाला किती वेळा पायऱ्या चढले-उतरले ते वहीत नाही, गुडघ्यात आहे.

सिंकबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. फक्त गार पाणी. आमच्या मॉडेलमध्ये त्याचं सांडपाणी टाकीत जात नाही, खाली नळीने बाहेर येतं. मिशिगनच्या कॅम्पग्राउंडवर सांडपाणी जमिनीवर सोडायला मनाई आहे, म्हणजे खाली बादली ठेवा आणि ती उचलून ओता. भांडी आतच घासली जातात.

फ्रीजचं कौतुक करायचं तर तो १२० व्होल्टवरच चालतो हे आधी सांगायला हवं. ट्रेलरची बॅटरी त्याला पुरवठा करत नाही. प्रवासात बंद, आणि स्टेट फॉरेस्टच्या साध्या कॅम्पग्राउंडवर, जिथे हातपंप आणि खड्ड्याचे संडास एवढंच असतं, तिथे तो नुसती पेटी. पहिल्या लांबच्या प्रवासात मी त्यात दही ठेवलं होतं. पाच तासांनी उघडलं तेव्हा ते कढीच्या लायकीचं झालं होतं, मग कढीच केली. विजेच्या साइटवर मात्र तोच फ्रीज घरात सर्वांत लाडका. सरबत, ताक, फळं, पाण्याच्या बाटल्या तिथे. मुलं वाळूचे पाय घेऊन आत येत नाहीत आणि आतल्या फ्रीजचं दार दर पाच मिनिटांनी उघडत नाही. पण ३० अँपच्या जोडणीवर सगळ्या ट्रेलरला मिळून ३,६०० वॅट मिळतात. एसी आणि मायक्रोवेव्ह चालू असताना हा फ्रीज आणि वर इलेक्ट्रिक किटली लावली, की फट्कन अंधार. किटली आता घरी ठेवून जातो.

दुसऱ्या उन्हाळ्यात अप्पर पेनिन्सुलाला, म्हणजे मिशिगनच्या पाण्यापलीकडच्या उत्तर भागात गेलो. मॅकिनॉ पुलावरून जायचं होतं. आठेक किलोमीटर लांबीचा हा पूल १९५७ पासून उभा आहे आणि जोराचा वारा असला की उंच गाड्यांना तिथे सोबत देऊन पलीकडे नेतात. पुलापर्यंत पोचण्याआधीच हायवेवर ट्रेलरने मागून शेपूट हलवायला सुरुवात केली. थांबून पाहिलं. आउटडोअर किचनच्या फळ्यांवर बिडाचे दोन तवे, पाच किलो तांदूळ, पिठं, पाण्याच्या बाटल्या आणि ग्रिडल. सगळं चाकांच्या मागे. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढे हिचवर, म्हणजे गाडीला जोडायच्या आकड्यावर, यावा लागतो, मागे ओझं वाढलं की पुढचा भार उचलला जातो आणि ट्रेलर डोलायला लागतो. कप्पा दिसला की भरायचा हा आपला स्वभाव, आणि हा कप्पा नेमका चुकीच्या टोकाला. अर्धं सामान पुढच्या कप्प्यात हलवलं तेव्हा डोलणं थांबलं.

टाक्वामेनन धबधब्याजवळ मुक्काम होता, सिडारच्या दलदलीतून येणारं चहाच्या रंगाचं पाणी. वाटेत व्हाइटफिश घेतला होता. सासूबाईंनी तो आगळ, तिखट, मीठ, हळद लावून ठेवला, रव्यात घोळवला आणि ऑनिंगखाली, म्हणजे ट्रेलरच्या बाजूने ताणायच्या कापडी छताखाली, टेबलावरच्या ग्रिडलवर एकदम आठ तुकड्या टाकल्या. आत मासे तळायचा विचारही केला नसता. शेजारचं जोडपं दोनदा उगाचच समोरून गेलं, तिसऱ्यांदा थेट विचारायला आलं. त्या दोघांना तुकड्या दिल्या, त्यांनी घरच्या चेरीचा जॅम दिला. रात्री मी ग्रिडल खरवडलं, पुसलं, झाकलं, पण मागची तेल गळायची छोटी वाटी विसरले. दोनच्या सुमारास खडखडाट. टॉर्चच्या उजेडात एक रॅकून वाटी दोन्ही हातांत धरून चाटत होता, लाडवाचं भांडं मिळालेल्या मुलासारखा. रॅकूनच होता म्हणून हसलो. त्या भागात काळी अस्वलंही आहेत, आणि तेलाचा वास त्यांनाही येतो. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या फिशिंग ब्रिज आरव्ही पार्कमध्ये, म्हणजे ट्रेलर आणि राहायच्या गाड्यांच्या तळावर, अस्वलांमुळे पक्क्या भिंतींच्याच गाड्या राहू देतात. तिथे भिंतीत मुरलेला तेलकट ओटा घेऊन जाणं मला तरी आवडणार नाही. टेबल आणि ग्रिडल निदान धुऊन ट्रकमध्ये बंद करता येतं.

पाऊस आला तर काय, हे सगळे विचारतात. वर उचललेलं दार हेच छप्पर, पण ते शिजवणाऱ्याच्या कपाळापर्यंतच येतं. आमचं ऑनिंग त्या कोपऱ्याच्या अलीकडेच संपतं. पाणी दाराच्या कडेवरून बरोबर मानेवर पडतं. एकदा भर पावसात मी तिथे उपमा केला आणि कॉलरमधून पाठीवर जाणारा प्रत्येक थेंब मोजला.

आणि ओट्यामागच्या भिंतीला टेकून खालचा बंक. सकाळी सहाला तिथे पातेलं ठेवलं की मुलीच्या कानात ठेवल्यासारखं. फ्रीजची घरघर तिला झोपेत ऐकू येते, म्हणून आता ती वरच्या बंकवर झोपते.

खर्चाचा धडा मात्र हिवाळ्याने शिकवला, आणि चूक माझीच. इथे नोव्हेंबरच्या आधी ट्रेलरच्या नळांमधून पाणी काढून गुलाबी अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारं द्रव, फिरवावं लागतं, नाहीतर नळ्या गोठून फुटतात. मी आतले सगळे नळ केले, बाहेरचा शॉवर केला. आउटडोअर किचनचं दार बंद होतं. दृष्टीआड सृष्टी. एप्रिलमध्ये पाणी सोडलं तेव्हा सिंकच्या नळाचा जोड फुटलेला निघाला. तो जोड काही डॉलरचा. पण पाणी भिंतीमागे दोन दिवस झिरपलं आणि बंकजवळचं प्लाय बोटाने दाबलं तर आत जाईल इतकं मऊ झालं. ते काढून नवं बसवण्यात तीन शनिवार-रविवार गेले. ट्रेलरच्या भिंतीला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे कधी ना कधी पाणी शिरायची जागा, आणि आउटडोअर किचन हे भिंतीतलं चांगलंच मोठं भोक. त्याच्या चारही कडांचं सील आता मी दर वसंतात आणि दर शरदात बोट फिरवून बघते.

मग १,८०० डॉलर पाण्यात गेले का? मी म्हणेन, बाराशे गेले. फ्रीज आणि फळ्यांचे सहाशे वसूल. बाहेर शिजवणं आमच्या घराला शंभर टक्के मानवलं, पण त्यातलं जे मानवलं ते ग्रिडल, टेबल आणि सिलिंडर मिळून साडेतीनशे डॉलरांत आलं. नवऱ्याचं मत माझ्याशी जुळत नाही. तो म्हणतो, फळ्यांवर सगळे डबे मांडलेले असतात, दार उघडलं की स्वयंपाक सुरू, बाहेरच्या किचनचं बाहेरपण तिथे आहे. डबे मांडणारी मी असते, हे तो सोडून देतो.

या वसंतात आम्ही दोन बर्नरची शेगडी काढली. गॅसची नळी स्वतः न छेडता ट्रेलर दुरुस्त करणाऱ्याकडून बंद करून घेतली आणि गळती तपासून घेतली. तिच्या जागी दोन खण केले. एकात घडीचं टेबल आडवं बसतं, दुसऱ्यात कोरडे मसाले. ग्रिडल आणि बिडाचे तवे पुढे, चाकांच्या अलीकडे.

मंडळातल्या एका मित्राने मे महिन्यात डीलरच्या आवारातूनच फोन केला. समोर अशीच दोन मॉडेलं होती. मी त्याला वहीतलं सगळं वाचून दाखवलं: वारा, घावन, पाठ, प्लाय. त्याने शांतपणे ऐकलं, "वहिनी, तुमचं सगळं पटलं," म्हणाला आणि किचनवालंच घेतलं. जुलैमध्ये त्यांच्या साइटवर गेलो होतो. त्यांची दोन्ही मुलं तीन वर्षांच्या आतली. आउटडोअर किचनचं दार सताड उघडं, शेगडी खणात आणि धाकट्याला सिंकमध्ये बसवून त्याची आई त्याच्या अंगावरची वाळू धूत होती. दिवसातून चार वेळा, ती म्हणाली. खाली बादली होतीच.